आवाज कोणाचा? कार्बाइडच्या मागावरच्या खोक्याच्या नोंदी

८ जानेवारी

विषय पक्का झाला: आंबे कार्बाइडने पिकवलेत का, ते पेटीतल्या हवेवरून ओळखणारं खोकं. सर एवढंच म्हणाले, "बघ, झेपेल का. आंब्याचा मोसम मे महिन्यात संपतो, तुझ्यासाठी थांबणार नाही."

मूळ कारण घरचं. गेल्या वर्षी आईने आणलेल्या पेटीतला हापूस वरून पिवळाधमक आणि आत देठाशी पांढरा, आंबट. पेंढा उचकला तर तळाशी कागदाची पुडी, त्यात राखाडी भुकटी. कॅल्शियम कार्बाइड. फळं पिकवायला ते वापरायला देशात बंदी आहे, तरी पुडी होती ती होतीच. फळांच्या दमटपणातलं पाणी लागलं की कार्बाइडचा चुना होतो आणि अॅसिटिलीन सुटतो. अॅसिटिलीन हा इथिलीनचा चुलतभाऊ. फळ फसतं आणि पिकायला लागतं, निदान सालीपुरतं. खरी भीती कार्बाइडमधल्या अशुद्धीची, आर्सेनिक आणि फॉस्फरसची. लोक म्हणतात तो लसणीसारखा वास अॅसिटिलीनचा नसतोच, अशुद्धीतून येणाऱ्या फॉस्फीनचा असतो. म्हणून "वास आला नाही, म्हणजे कार्बाइड नाही" याला काही अर्थ नाही.

पकडायचा तो अॅसिटिलीन. इथिलीन आंबा स्वतःच सोडतो, त्यामुळे तो पुरावा होत नाही. अॅसिटिलीन आंबा करत नाही. शिवाय अॅसिटिलीनची एक चांगली ठसठशीत शोषण-रेषा (वायू प्रकाशातला जो नेमका रंग पितो तो) १५३२.८३ नॅनोमीटरला आहे, म्हणजे ऑप्टिकल फायबरवाल्यांच्या पट्ट्यात. त्या पट्ट्याचा २० मिलीवॉटचा डीएफबी लेझर (एकाच नेमक्या रंगाचा छोटा लेझर) आधीच्या एका प्रोजेक्टचा कपाटात पडून आहे. इथिलीनच्या जोरकस रेषा दहा मायक्रॉनच्या आसपास, त्याला कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो. तो आणायचा म्हणजे आमच्या विभागाचं दोन वर्षांचं बजेट.

११ जानेवारी

लेझरला हात लावण्याआधी सरांनी जुना खेळ करायला लावला. परीक्षानळीत मेणबत्तीची काजळी धरली, तोंडाला स्टेथोस्कोपची रबरी नळी बसवली आणि टॉर्चचा झोत पंख्याच्या पात्यांमधून त्यावर सोडला. कानाला लावलं तर घर्रर्र. पंख्याचा वेग वाढवला की सूर चढतो. झोत हाताने अडवला की गप्प. तुटक प्रकाश पिऊन काजळी तापते-निवते, तिच्याभोवतीची हवा फुगते-आकसते, तोच हा आवाज. प्रकाश पिणाऱ्या वायूचंही तसंच.

बेल आणि टेन्टर यांनी १८८० मध्ये हेच ऐकलं. टेलिफोनवाला बेल, प्रकाशावरून बोलणं पाठवायच्या नादात होता. पुढच्याच वर्षी टिंडल आणि राँटगेन (क्ष-किरणांच्या आधीचा राँटगेन) यांनी वायूंवर तेच करून पाहिलं. मग इतकी वर्षं हे मागे का पडलं? कारण साधं आहे: दिव्याचा प्रकाश वायूने किती शोषावा, आणि त्याचा आवाज तो किती. लेझर आल्यावर क्रॉइझरने १९७१ मध्ये नायट्रोजनमधला मिथेन या आवाजावरून मोजून दाखवला आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

गंमत अशी की बाकीच्या पद्धतींत आपण भरपूर प्रकाशातून थोडासा कमी झालेला प्रकाश शोधतो. हजाराच्या नोटांच्या थप्पीतून एक रुपया गेला का, हे मोजण्यासारखं. इथे वायू नसेल तर आवाजच नाही. शून्यापासून मोजायचं. निदान पुस्तकात तरी.

१९ जानेवारी

वर्कशॉप. काकांना चित्र दिलं: मधे १०० मिलीमीटर लांब, ६ मिलीमीटर भोकाची नळी, दोन्ही टोकांना रुंद कप्पे, कप्प्यांना काचेच्या खिडक्या. नळीच्या बरोबर मध्यावर मायक्रोफोनसाठी बारीक छिद्र. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळीत हवेचा दाब मध्यावर सगळ्यात जास्त हलतो, म्हणून मायक्रोफोन तिथे. बासरीच्या पोटात कान घातल्यासारखं.

काकांनी विचारलं, "तांब्याची नळी आहे चांगली, ती देऊ?" मी हो म्हणणार, तेवढ्यात त्यांनाच आठवलं. गॅस वेल्डिंगच्या अॅसिटिलीनला तांब्याची नळी लावत नाहीत, तांब्याशी त्याचा स्फोटक पदार्थ तयार होतो. आपल्या पीपीएमच्या (दहा लाखांत काही भाग) मात्रेत काही होणार नाही हे खरं, पण कॅलिब्रेशनचं सिलिंडर आणि कार्बाइड दोन्ही याच टेबलावर येणार आहेत. स्टेनलेस स्टीलची ठरली. जे मी पुस्तकात शेवटून तिसऱ्या पानावर वाचलं असतं ते काकांना तीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं.

वेल्डिंगचंच सिलिंडर चाचणीला वापरावं हा माझा दुसरा बेतही त्यांनीच मोडला. त्यात अॅसिटिलीन अॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो, म्हणजे वायूबरोबर थोडं अॅसिटोनही येणार. नायट्रोजनमध्ये १०० पीपीएमचं प्रमाणित सिलिंडर मागवलं.

१० फेब्रुवारी

मधले तीन आठवडे गळती, ओ-रिंगा आणि पुन्हा गळती. लिहिण्यासारखं काही नाही.

आज नळीचा रेझोनन्स, म्हणजे ती ज्या सुराला घुमते तो सूर, मोजला. कप्प्यात मोबाईलच्या इअरफोनची एक बाजू कापून बसवली आहे, तिने सूर सोडायचा आणि मायक्रोफोनवर किती येतो ते पाहायचं. उघड्या नळीचा आवाज तोंडाबाहेर किंचित जातो, त्यामुळे १०० मिलीमीटरची नळी १०३.६ ची असल्यासारखी वागते. २५ अंशाच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. हिशोबाने १६७० हर्ट्झ. मोजला १६७०! नळी घासताना काकांनी दाखवलेली चिकाटी त्या एका आकड्यात वसूल झाली.

शिखराची रुंदी ४१ हर्ट्झ. म्हणजे गुणांक (घुमून आवाज कितीपट वाढतो तो आकडा) चाळीसच्या आसपास. सतारीच्या तारेसारखा लांबत नाही, मडक्यासारखा वाजतो. पण चाळीसपट तर चाळीसपट.

२१ फेब्रुवारी

लेझर रेषेवर आणला. तापमान एक अंश बदललं की त्याचा रंग साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतो. रेषा मात्र वातावरणाच्या दाबाला जेमतेम ०.०४ नॅनोमीटर रुंद. म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाची कटकट. सकाळी अकरा ते दुपारी चार, लेझरच्या तापमानाची खुंटी फिरवणं, बस्स.

लेझरचा करंट रेझोनन्सच्या निम्म्या वेगाने हलवते, ८३५ हर्ट्झने, म्हणजे त्याचा रंगही तसाच मागेपुढे हलतो. कारण झोपाळ्यासारखं आहे: एका झोक्यात तो मधल्या बिंदूवरून दोनदा जातो. रंग रेषेवरून एकदा जाताना, एकदा परतताना, असा दोनदा शोषला जातो, आणि आवाज उमटतो १६७० ला. याचा फायदा असा की खिडकीची काच किंवा नळीची भिंत जो प्रकाश खाते, तो रंग बदलला तरी तेवढाच खाते. तिचा आवाज ८३५ ला राहतो आणि आपल्या मापात येत नाही. येऊ नये, असं म्हणूया.

चार वाजून दहा मिनिटांनी लॉक-इनच्या (सगळ्या गोंगाटातून एकाच ठरावीक वारंवारतेचा आवाज वेचणारं यंत्र) पडद्यावर तो आकार आला: मधे उंच शिखर, दोन बाजूंना दोन खड्डे. सर दारातूनच म्हणाले, "मिशावाला आला वाटतं." यापुढे त्याला मिशावाला म्हणणार.

किती बारीक आवाज आहे याचा हिशोब केला. एक पीपीएम अॅसिटिलीनला माझ्या नळीत चाळीसेक मायक्रोपास्कल. माणसाच्या कानाचा उंबरठा २० मायक्रोपास्कल धरतात. म्हणजे शांत रात्री, तरुण कानांना, जेमतेम. आणि आमची इमारत रस्त्याला लागून.

७ मार्च

शुद्ध नायट्रोजन भरून शून्य पाहायला बसले. शून्य नाही. वाचन श्वास घेतल्यासारखं वर जातं, खाली येतं. कधी दहा मिनिटं गप्प, मग पुन्हा झोके. अॅसिटिलीन नाही, लेझर रेषेवरून बाजूला नेला तरी झोके. लेझर बंद केला. तरी झोके!

म्हणजे हा आवाज माझा नाही. मग कोणाचा?

८ मार्च

संशयितांची झडती. वरच्या मजल्यावरचा कॉम्प्रेसर: बंद करवला, फरक नाही. वायूचा प्रवाह: सुई-झडप पूर्ण मिटली, फरक नाही. एसी: बंद केल्यावर झोके कमी झाले. मी आनंदात घरी गेले.

९ मार्च

एसी बंद, झोके पुन्हा. दुपारी तर कालपेक्षा मोठे. हवा भरली तर गप्प. नायट्रोजन भरला की सुरू. वायू काय, हवा काय, मायक्रोफोनला त्याचं सोयरसुतक नसावं!

१२ मार्च

सापडला. आणि लाज वाटावी इतका समोर होता.

नायट्रोजन हवेपेक्षा किंचित हलका, त्यात आवाज थोडा वेगाने जातो. २५ अंशाला माझ्या नळीचा रेझोनन्स हवेत १६७०, नायट्रोजनमध्ये १६९९. आणि विजेचा ५० हर्ट्झ गुणिले ३४ म्हणजे १७००. मायक्रोफोनच्या प्री-अँपचा (त्याचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) वीजपुरवठा ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरवाला, त्याचा उरलेला कंप १०० हर्ट्झच्या पटीत येतो: १०० चा सतरावा पट, १७००. लॉक-इन १६९९ ऐकत बसलाय आणि शेजारच्या घरात १७०० गुणगुणतोय.

मग झोके का, आणि कधीकधीच का? ग्रिडची वारंवारता नेमकी ५० कधीच नसते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये राहावी असा नियम आहे, तेवढ्यात ती दिवसभर डोलते. मल्टिमीटर हर्ट्झवर लावून प्लगमध्ये घातला आणि वही घेऊन बसले. ५०.०२ असताना चौतिसावा पट १७००.७, माझ्यापासून पावणेदोन हर्ट्झ लांब, लॉक-इन त्याला गाळून टाकतो. ४९.९७ झालं की १६९८.९८. बरोबर डोक्यावर! पडद्यावरची रेघ फुगायला लागली की मी मल्टिमीटर न बघता "एकोणपन्नास सत्त्याण्णव" म्हणायचे, आणि ज्युनिअर वाचून खरं म्हणायचा. पाच वेळा केलं. देशभरातले पंप आणि एसी एकदम सुरू झाल्याचं मला आंब्यासाठी बनवलेल्या नळीत ऐकू येत होतं.

एसीचाही उलगडा झाला. बंद केला की खोली तापते, रेझोनन्स सरकतो. अंशाला सुमारे २.८ हर्ट्झ.

१३ मार्च

प्री-अँप ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर टाकला. झोके दहावा हिस्सा उरले. पूर्ण गेले नाहीत, लॉक-इन स्वतः प्लगवरच आहे.

मग सरळ उपाय: रेझोनन्सच तिथून हलवायचा. नळीला हीटर गुंडाळून ३४ अंशावर धरली. नायट्रोजनमध्ये १७२४, म्हणजे १७०० आणि १७५० च्या बरोबर मधोमध. रेघ सरळ. पेढे आणले.

१८ मार्च

पेढे वाया. आज ३४ अंशावर साधी हवा भरली. रेझोनन्स १६९६. झोके!

हवा आणि नायट्रोजनमध्ये अंतर कायम साधारण २९ हर्ट्झचं. विजेच्या दोन पटींमधलं अंतर ५०. एकाला मधोमध बसवलं की दुसरा जाऊन कुंपणाला टेकतो. मी ४५ अंश करून पाहिला हिशोब: हवा १७२५, वा, नायट्रोजन १७५५, गेला. शेवटी दोघांनाही थोडी थोडी गैरसोय वाटून दिली. ३९ अंश: हवा १७०९, नायट्रोजन १७३८. दोघेही कुंपणापासून दहाएक हर्ट्झ लांब, आणि लॉक-इनला तेवढं पुरतं. सर म्हणाले, "अगं, नळी दोन मिलीमीटर आखूड केली असती तर?" तर रेझोनन्स हलला असता, हवा आणि नायट्रोजनमधला तिढा तसाच राहिला असता. हे मी त्यांना फळ्यावर दाखवलं. पहिल्यांदाच.

९ एप्रिल

कॅलिब्रेशन. १०० पीपीएमच्या सिलिंडरमध्ये साधी कोरडी हवा मिसळत १०, २०, ५०. पण सिलिंडर नायट्रोजनचं, त्यामुळे मिश्रण बदललं की रेझोनन्सही सरकतो. प्रत्येक बिंदूआधी इअरफोनने सूर लावून शिखर शोधायचं, मग लेझर त्याच्या निम्म्यावर. तंबोरा लावल्याशिवाय गाणं नाही.

बिंदू सरळ रेषेत बसले. एका सेकंदाच्या सरासरीला गोंगाट ०.९ पीपीएमएवढा, दहा सेकंदांना ०.३. क्वार्ट्झच्या बारीक चिमट्यांवर, घड्याळात असतात त्या ३२,७६८ हर्ट्झच्या, राइस विद्यापीठात २००२ मध्ये जी पद्धत निघाली ती याहून कितीतरी पुढे गेली आहे. तिथे ५० हर्ट्झचे पटही इतके वर पोचेपर्यंत दमलेले असतात. पुढच्या बॅचने करावं. मला पेटीपुरतं हे पुष्कळ.

२ मे

देवगडचे दोन डझन कच्चे हापूस, गडद हिरवे, दगडासारखे. ५० लिटरची झाकणाची दोन पिंपं. दोन्हींत पेंढा, दोन्हींत बारा आंबे. 'अ' मध्ये कार्बाइडची पुडी, 'ब' ही नुसती अढी.

किती कार्बाइड, याचा हिशोब सरांनी माझ्याकडून तीनदा करवला. एक ग्रॅमपासून साधारण ३८० मिलीलिटर अॅसिटिलीन. हवेत अडीच टक्क्यांवर तो पेट घेऊ शकतो, म्हणजे माझ्या पिंपात सव्वा तीन ग्रॅम पुरतील. पेटीत मूठभर टाकणाऱ्यांनी हा हिशोब केलेला नसतो. मी टाकले ५० मिलीग्रॅम, पूर्ण सुटला तर ३८० पीपीएम. पंखा चालू, खिडक्या उघड्या, टेबलावर ठिणगीचं काही नाही.

३ मे

'अ' मधली हवा दहापट पातळ करून घेतली. मिशावाला लगेच हजर. हिशोबाने पिंपात २१० पीपीएम.

आंब्यांची हवा दमट, पाण्याची वाफ हलकी, त्यामुळे रेझोनन्स आणखी दहाएक हर्ट्झ वर गेला, कुंपणापासून अजून लांब. नळी ३९ अंशावर असल्यामुळे आत दवही धरत नाही. तो हीटर मी पूर्णपणे दुसऱ्याच कारणासाठी लावला होता.

४ मे

'ब' मध्ये ४ पीपीएम.

'ब' मध्ये काही नाही! पेंढा आणि आंबे. रात्री झोप नाही. आंबा स्वतः अॅसिटिलीन करतो असं असेल तर सगळा प्रोजेक्ट बोंबलला. शेजारच्या रेषेचा संशय घेतला, अमोनियाच्या रेषा इथून फार लांब नाहीत. पण आकार पाहिला तर शिखर अॅसिटिलीनच्या जागी, तसूभर इकडेतिकडे नाही. गोंगाट नाही, वीज नाही. खराच अॅसिटिलीन.

आवाज कोणाचा?

५ मे

सिलिकॉनच्या नळीचा. 'अ' ची हवा जिच्यातून ओढली तीच नळी मी 'ब' ला लावली होती. सिलिकॉन रबर वायू पिऊन ठेवतं आणि मग सावकाश ओकतं. रिकामी बाटली त्याच नळीने जोडली: ४ पीपीएम, तासाभरात २. टेफ्लॉनची नळी आणली, दोन पिंपांना दोन वेगळ्या. 'ब' शून्य, दहा सेकंदांच्या गोंगाटात.

६ मे

आता खरा प्रश्न. बाजारात पिंप बंद नसतं. 'अ' चं झाकण काढलं, आंबे पेंढ्यासकट उघडे ठेवले. दोन तासांनी पेंढ्यात नळी खुपसली: ३ पीपीएम. सायंकाळपर्यंत काही नाही.

वाईट बातमी आहे, आणि ती अहवालात पहिल्या पानावर जाणार. हातगाडीवरच्या आंब्याला हे खोकं लावून काही कळणार नाही. बंद गोदामात, बंद टेम्पोत कळेल. आणि इथेफॉन वापरून पिकवलेल्याला तर हे आंधळंच आहे, त्यातून इथिलीन सुटतो.

ज्युनिअर हिरमुसला. "मग एवढं कशाला केलं?" मी पुडी कचऱ्यात टाकायला उचलली. वरून पांढरी झाली होती, चुना. बोटाने (मोजा घालून) खडा दाबला तर आत राखाडी.

७ मे

काल टाकली नाही ती पुडी. चार दिवस दमट पिंपात आणि एक रात्र उघड्यावर राहिलेली. तिच्यातला तिळाएवढा पांढरा दाणा बाटलीत घातला, पाण्याचा एक थेंब सोडला, बूच लावलं, टेफ्लॉनची नळी जोडली.

वाचन मापाच्या वर गेलं. शंभरपट पातळ केल्यावर कुठे पडद्यात मावलं. चुन्याच्या सालीखाली कार्बाइड जिवंत राहतो, आणि पेंढ्यात सांडलेले बारीक दाणेही राहत असणार. आंब्याचा वास घ्यायचाच नाही. पेंढा पिशवीत घालून त्यावर पाणी शिंपडायचं.

'ब' मधले आंबे अजून हिरवेच आहेत, दोन देठाशी नरम. 'अ' मधले सगळे पिवळे झालेत. काकांनी त्यांच्यासाठी वर्कशॉपमागे खड्डा खणलाय, कुणी चुकून खाऊ नये म्हणून वर फळीही ठेवलीय.

उद्या पहाटे पाचला मार्केट यार्ड. रिकाम्या पेट्यांचा पेंढा मागायचा आहे, वीसेक ठिकाणचा. प्रत्येकाला वेगळी पिशवी. आणि प्रत्येक पिशवीला वेगळी नळी.